वर्डप्रेस प्लगइनची मालकी बदलते तेव्हा: साइट सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या साइटमध्ये दहा-वीस प्लगइन्स, म्हणजे जादा सोयी देणारे छोटे जोड-प्रोग्राम, असणे ही नेहमीची गोष्ट आहे. मात्र ती आज कोणाच्या मालकीची आहेत आणि उद्या त्यांतले एखादे बंद पडले तर आपल्या मजकुराचे काय होईल, हे फार थोड्या साइटचालकांना सांगता येते. एखाद्या प्रोग्रामरने किंवा चार-पाच जणांच्या छोट्या कंपनीने प्लगइन लिहावे आणि त्यांनीच ते वर्षानुवर्षे सांभाळावे, अशी पूर्वी साधारण रीत होती. २०२० नंतर ही रीत झपाट्याने मागे पडली. ज्यांच्याकडे पगारी डेव्हलपर नाही, पण ग्रंथालयाची, छोट्या प्रकाशनाची, दिवाळी अंकाची किंवा घरगुती उद्योगाची साइट ज्यांच्या अंगावर आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. येथे सांगितलेल्या कोणत्याही कामासाठी कोड लिहिता येण्याची गरज नाही. डॅशबोर्ड, म्हणजे साइटचे व्यवस्थापन-पान, उघडता येणे आणि संपूर्ण बॅकअप घेता येणे एवढे पुरेसे आहे.

विकले जाते ते नेमके काय

मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, मे २००४ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय झाली. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे वर्डप्रेस डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरच्या संग्रहात जागा मिळवणाऱ्या प्रत्येक प्लगइनलाही त्याच्याशी सुसंगत असाच परवाना लागतो. म्हणजे त्याचा कोड कोणीही घ्यावा, बदलावा आणि पुन्हा वाटावा. मग जो कोड कोणालाही फुकट घेता येतो, त्यासाठी कंपन्या मोठ्या रकमा का मोजतात? त्या प्लगइनचे नाव विकत घेतात, सशुल्क आवृत्तीच्या वार्षिक परवान्यांचे उत्पन्न विकत घेतात, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अपडेट पाठवण्याचा अधिकार विकत घेतात. ज्या साइटवर ते प्लगइन बसवलेले आहे आणि आपोआप अपडेटची सोय चालू आहे, त्या प्रत्येक साइटवर नवा कोड पोहोचवण्याची सत्ता या एका अधिकारात असते. ही गोष्ट नीट लक्षात घेतली की पुढच्या सर्व सूचनांमागचे कारण आपोआप कळेल.

अलीकडचे व्यवहार पाहिले तर खरेदीदारांत होस्टिंग कंपन्या, म्हणजे साइटसाठी सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपन्या, ठळकपणे दिसतात. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे प्लगइन बनवणारी वूथीम्स ही कंपनी मे २०१५ मध्ये मुलनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीने घेतली, ते त्या काळी नवल वाटले होते. नंतर मात्र रांगच लागली. वूकॉमर्सची पूरक प्लगइन्स बनवणारी स्कायव्हर्ज २०२० मध्ये गोडॅडीकडे गेली. साइट शोधयंत्रात वर यावी यासाठीचे, म्हणजे एसईओचे, प्लगइन बनवणारे योस्ट २०२१ च्या ऑगस्टमध्ये ब्लूहोस्टची मूळ कंपनी असलेल्या न्यूफोल्ड डिजिटलकडे गेले. द इव्हेंट्स कॅलेंडर, गिव्हडब्ल्यूपी आणि लर्नडॅश ही तिन्ही लिक्विड वेब या होस्टिंग कंपनीच्या स्टेलरडब्ल्यूपी या शाखेत आली. होस्टिंग कंपनी नसलेल्या ऑसम मोटिव्हनेही ऑल इन वन एसईओ आणि इझी डिजिटल डाउनलोड्स यांसारखी जुनी नावे आपल्याकडे घेतली. लेखांना जादा रकाने जोडणारे, एलियट कॉन्डन यांनी एकट्याने उभारलेले अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, म्हणजेच एसीएफ, २०२१ मध्ये डिलिशस ब्रेन्सकडे आणि एका वर्षातच तिथून डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीकडे गेले.

अशा विक्रीत मुळात गैर काही नाही. वर्षानुवर्षे फुकट मदत करून थकलेल्या लेखकाला मोबदला मिळतो, आणि खरेदीदाराकडे सुरक्षेचे काम पाहणारी माणसे असतील तर वापरणाऱ्यांचाही फायदाच होतो. प्रश्न एवढाच की मालकी बदलल्याचे आपल्याला कोणी कळवत नाही. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर प्लगइनचे हस्तांतरण झाले तर आपल्या डॅशबोर्डवर तशी सूचना येत नाही. पुढचे अपडेट नेहमीसारखेच दिसते आणि आपण नेहमीसारखेच बटण दाबतो.

पहिले काम: नोंदवही

एक साधी स्प्रेडशीट उघडा आणि प्रत्येक प्लगइनसाठी एक ओळ करा. चालू असलेली आणि बंद करून ठेवलेली, दोन्ही प्रकारची प्लगइन्स तिच्यात यायला हवीत, कारण बंद प्लगइनच्या फाइलीही सर्व्हरवर असतातच आणि त्यांतल्या त्रुटींचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो. प्रत्येक ओळीत प्लगइनचे आजचे नाव, त्याच्या फोल्डरचे नाव, आजचा मालक, अपडेट कुठून येते, ते आपल्या साइटवर नेमके कोणते काम करते आणि त्याची माहिती कुठे साठते, एवढे लिहा. सशुल्क असेल तर परवाना कोणत्या ईमेलवर घेतला आणि तो कधी संपतो हेही लिहा.

फोल्डरच्या नावाचा आग्रह सकारण आहे. प्लगइनचे दर्शनी नाव बदलता येते, पण संग्रहातील त्याची ओळख, जिला स्लग म्हणतात, ती सहसा तशीच राहते. आज सॉलिड सिक्युरिटी या नावाने दिसणाऱ्या सुरक्षा प्लगइनचे फोल्डर उघडून पाहिले तर त्यावर ‘बेटर-डब्ल्यूपी-सिक्युरिटी’ असे नाव दिसते. मूळ प्लगइन त्या नावाचे होते. पुढे ते आयथीम्सकडे गेले आणि आयथीम्स सिक्युरिटी झाले, आणि २०२३ मध्ये त्याचे सॉलिड सिक्युरिटी झाले. दशकभराहूनही आधी साइट बनवून देणाऱ्याने कागदावर पहिले नाव लिहून ठेवले असेल, तर आज ती यादी घेऊन बसणाऱ्याला ते प्लगइन डॅशबोर्डवर सापडणारच नाही. आपल्या पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सचे अल्टिमेट अ‍ॅडऑन्स फॉर गुटेनबर्ग आज स्पेक्ट्रा या नावाने दिसते. तिथे मालकी तीच राहिली आणि फक्त नाव बदलले. नुसत्या नावावरून काही ताडता येत नाही ते असे.

‘अपडेट कुठून येते’ हा रकानाही मन लावून भरा. मोफत प्लगइनचे अपडेट वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या संग्रहातून येते, तर सशुल्क प्लगइनचे बहुधा विक्रेत्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येते. विक्रेत्याने धंदा गुंडाळला आणि त्याचा सर्व्हर बंद झाला, तर पुष्कळदा आपल्याला कोणतीही चूक दाखवली जात नाही. अपडेट येणेच थांबते. डॅशबोर्डवर ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे दिसत राहते आणि प्रत्यक्षात ते प्लगइन दोन वर्षे जुने झालेले असते. म्हणून शेवटचे अपडेट कधी आले ती तारीखही सशुल्क प्लगइनसमोर लिहून ठेवावी.

संग्रहातले पान कसे वाचावे

वर्डप्रेस डॉट ऑर्गवर प्रत्येक मोफत प्लगइनचे पान असते. त्यावर शेवटचे अपडेट कधी झाले, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे, अंदाजे किती साइटवर चालू आहे आणि योगदान देणारे कोण, हे दिसते. वर्डप्रेसच्या अलीकडच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर प्लगइन तपासलेले नसेल, तर पानाच्या वरच्या भागात तशी पट्टी येते. ती दिसली म्हणजे प्लगइन लगेच काढून टाकावे असे नव्हे. दोन ओळींचे काम करणारे छोटे प्लगइन वर्षानुवर्षे न बदलताही नीट चालू शकते. पण ग्राहकांची माहिती, पैसे किंवा फाइल अपलोड यांच्याशी संबंध असलेल्या प्लगइनवर ती पट्टी दिसली, तर पर्याय शोधायला त्याच आठवड्यात सुरुवात करावी.

योगदान देणाऱ्यांच्या यादीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि मालकी बदलल्याचा पहिला पुरावा बहुधा तिथेच असतो. जुने नाव गेले आणि अनोळखी नाव आले, किंवा कंपनीचे खाते आले, तर बदल झाला असे समजा. त्याच पानावरच्या बदलांच्या नोंदीत सविस्तर कारणे लिहिण्याची पद्धत असताना अचानक ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिले जाऊ लागले, तर तेही लक्षात ठेवावे. मदतीच्या विभागात गेल्या दोन महिन्यांत किती प्रश्न सुटले याचा आकडा असतो. त्या आकड्यापेक्षा शेवटची दहा उत्तरे वाचलेली बरी. उत्तर देणारा माणूस प्लगइन जाणणारा आहे की प्रत्येकाला सशुल्क आवृत्तीकडे वळवणारा आहे, ते पाच मिनिटांत कळते.

विक्रीची बातमी कळल्यावर

या व्यवसायात सर्वांत वाईट काय घडू शकते ते २०१७ मध्ये दिसले. डिस्प्ले विजेट्स हे सुमारे दोन लाख साइटवर बसवलेले साधे प्लगइन त्याच्या मूळ मालकांनी विकले. नव्या मालकाने जून २०१७ मध्ये काढलेल्या आवृत्तीपासून त्यात बाहेरून कोड आणण्याची सोय घुसवली. संग्रहाच्या व्यवस्थापकांनी ते काढले, सुधारणा झाल्याचे सांगितल्यावर परत घेतले, पुन्हा काढले. असे चार वेळा होऊन सप्टेंबरमध्ये ते कायमचे गेले. मधल्या काळात त्या प्लगइनद्वारे लोकांच्या साइटवर जाहिरातबाजीचा मजकूर छापला जात होता. यातला सर्वांत धोक्याचा भाग असा की तो मजकूर फक्त लॉगिन न केलेल्या वाचकांना दिसत असे. साइटचा मालक स्वतःच्या खात्याने आत शिरून पाहत असल्यामुळे त्याला आपली साइट स्वच्छच दिसायची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅप्चा या सुमारे तीन लाख साइटवरच्या प्लगइनबाबत तसेच उघडकीस आले: विक्री झाली, आणि पाठोपाठ आलेल्या अपडेटमध्ये चोरदरवाजा, म्हणजे साइटमध्ये गुपचूप शिरण्याची वाट, निघाला.

म्हणून विक्रीची बातमी कळली किंवा योगदानकर्त्यांची नावे बदललेली दिसली की त्या एका प्लगइनचे आपोआप होणारे अपडेट बंद करावे. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्लगइनच्या यादीत प्रत्येक ओळीच्या उजवीकडे ही सोय आहे. बाकीच्या प्लगइन्सना हात लावू नका. सगळ्यांचेच अपडेट थांबवले तर ज्ञात त्रुटी उघड्या राहतील आणि तो धोका विक्रीच्या धोक्याहून मोठा ठरेल. थांबवलेल्या प्लगइनची नवी आवृत्ती आली की चार-सहा दिवस थांबा, तेवढ्यात पॅचस्टॅक किंवा वर्डफेन्स या सुरक्षा कंपन्यांच्या त्रुटी-सूचीत त्या प्लगइनचे नाव शोधा, बॅकअप घ्या आणि मग हाताने अपडेट करा. जुन्या आवृत्तीत गंभीर त्रुटी असल्याचे त्या सूचीतून कळले, तर मात्र थांबू नका, लगेच अपडेट करा. अपडेटनंतर ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, मुखपृष्ठ आणि दोन-तीन जुने लेख उघडून पाहा. नंतर शोधयंत्रात आपल्या साइटच्या नावाने शोधून आपण न लिहिलेली पाने दिसतात का ते पाहा. एकदा अपडेट झाल्यावर आणि नंतर दर महिन्याला एकदा, असे निदान सहा महिने करावे.

विक्री न होताही अपडेट पाठवण्याचा अधिकार चुकीच्या हाती जाऊ शकतो. जून २०२४ मध्ये काही प्लगइन-लेखकांची खाती दुसऱ्यांनी ताब्यात घेतली आणि सोशल वॉरफेअरसह पाच प्लगइन्समधून घातक कोड लोकांच्या साइटवर गेला. त्यासाठी चोरांनी वापरलेले पासवर्ड इतरत्र फुटलेल्या माहितीतले होते. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून वर्डप्रेस डॉट ऑर्गने प्लगइनमध्ये बदल करू शकणाऱ्या खात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली. लेखकांना लावलेला हा नियम आपण आपल्या साइटच्या प्रशासक खात्यांनाही लावून घ्यावा, आणि सोडून गेलेल्या सहकाऱ्यांची खाती त्याच बैठकीत काढून टाकावीत.

वाद पेटला तर

सप्टेंबर २०२४ पासून वर्डप्रेसच्या जगात जे घडले, त्यामुळे केवळ विक्रीचा विचार पुरत नाही हे स्पष्ट झाले. मुलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिनवर जाहीर टीका केली, वर्डप्रेस डॉट ऑर्गने त्या कंपनीचा आपल्या सर्व्हरवरचा प्रवेश २५ सप्टेंबरला रोखला, आणि कंपनीने २ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. १२ ऑक्टोबरला वर्डप्रेस डॉट ऑर्गने एसीएफच्या मोफत आवृत्तीची जागा स्वतःकडे घेतली आणि त्याच ठिकाणी सिक्युअर कस्टम फील्ड्स नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडमधून काढलेली वेगळी आवृत्ती, ठेवली. ज्यांच्या साइटवर आपोआप अपडेट चालू होते, त्यांच्याकडे काही न विचारता एक प्लगइन जाऊन दुसरे आले. सशुल्क एसीएफ प्रो वापरणाऱ्यांना याचा फटका बसला नाही, कारण त्यांचे अपडेट कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येत होते. १० डिसेंबरला न्यायालयाने अंतरिम मनाईहुकूम दिला आणि काही दिवसांत एसीएफची जागा परत मिळाली. सिक्युअर कस्टम फील्ड्स आता वेगळ्या पत्त्यावर स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.

दोन्ही बाजूंबद्दल मते असू शकतात आणि मलाही आहेत. लोकांच्या साइटवरचा कोड त्यांना न विचारता बदलावा, ही गोष्ट कोणत्याही भांडणात क्षम्य नाही, असे मी ठामपणे म्हणेन. साइटचालकाने मात्र बाजू घेण्याआधी डॅशबोर्डवर जाऊन आपल्याकडे नेमके काय बसले आहे ते पाहावे. दोन्ही प्लगइन्स एकाच कोडमधून आलेली असल्यामुळे आधीची माहिती दोन्हींना वाचता येत होती, म्हणून घाईने काही उपटून टाकण्याची गरज नव्हती. जे आहे ते ओळखावे, कोणते ठेवायचे ते ठरवावे, आणि एका वेळी एकच चालू ठेवावे. या वादानंतर वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचे अवलंबन कमी व्हावे म्हणून जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली फेअर नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्याकडे लक्ष ठेवावे, पण छोट्या साइटने त्यासाठी आज काही बदलावे असे मला वाटत नाही.

माहिती कुठे राहते ते पाहणे

हा या मार्गदर्शनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण प्लगइन पुन्हा मिळते, हरवलेला मजकूर मिळत नाही. प्रत्येक प्लगइनबद्दल एकच प्रश्न विचारावा: हे आज काढले तर काय उरेल?

उत्तर दर वेळी वेगळे असते. समजा, तुमच्या साइटवर पुस्तकांची पाने आहेत आणि एसीएफने केलेल्या रकान्यांत लेखक, पृष्ठसंख्या आणि किंमत भरलेली आहे. ही माहिती वर्डप्रेसच्याच पोस्टमेटा या डेटाबेसमधल्या तक्त्यात जाते. प्रत्येक रकान्यासाठी तिथे दोन ओळी पडतात, एकीत प्रत्यक्ष किंमत आणि दुसरीत, जिच्या नावाआधी खालची रेघ असते, त्या रकान्याची ओळख-किल्ली. प्लगइन बंद केले तरी दोन्ही ओळी जागेवर राहतात. जाते ते फक्त भरण्याचे चौकोन आणि दाखवण्याची सोय. म्हणजे इथे माहिती सुरक्षित आहे आणि वेगळ्या मार्गाने ती पुन्हा दाखवता येते. योस्टने लिहिलेली शोधयंत्रासाठीची शीर्षके आणि वर्णनेही याच तक्त्यात असतात, आणि म्हणूनच प्रतिस्पर्धी एसईओ प्लगइन्सना ती आयात करता येतात.

पान-रचनेच्या प्लगइन्सची गोष्ट निराळी आहे. एलिमेंटर आपली सगळी मांडणी पोस्टमेटात ठेवते, पण लेखाच्या मूळ जागीही साधा एचटीएमएल मजकूर लिहून ठेवते. त्यामुळे ते बंद केल्यावर सजावट जाते, शब्द उरतात. याउलट डब्ल्यूपीबेकरीसारखे शॉर्टकोड, म्हणजे लेखातच लिहिलेल्या छोट्या आज्ञा, वापरणारे प्लगइन बंद केले की वाचकाला लेखाच्या मध्येमध्ये चौकटी कंसांतल्या आज्ञा दिसू लागतात आणि शेकडो लेख हाताने स्वच्छ करावे लागतात. अशा प्लगइनवर साइट उभी असेल तर आजपासून नवे लेख वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक संपादकात लिहावेत. जुने लेख दुरुस्त करायला वेळ मिळो न मिळो, निदान ओझे वाढत नाही.

संपर्क-अर्जाकडे विशेष लक्ष द्या. लाखो साइटवर असलेले कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन आलेला निरोप स्वतःहून कुठेच साठवत नाही. ते फक्त ईमेल पाठवते. होस्टिंगच्या ईमेल व्यवस्थेत बिघाड झाला की वर्गणीदारांचे किंवा लेखकांचे अर्ज कायमचे जातात. निरोप साठवणारे पूरक प्लगइन, उदाहरणार्थ त्याच लेखकाचे फ्लेमिंगो, बसवून ठेवावे आणि दर महिन्याला साठवलेले निरोप फाइल म्हणून उतरवून घ्यावेत. दुकान असेल तर वूकॉमर्सच्या ऑर्डरी कुठे आहेत तेही पाहा. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ या आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी पोस्टच्या तक्त्यात न जाता स्वतंत्र तक्त्यांत जातात. बॅकअप घेणाऱ्या प्लगइनने ठरावीकच तक्ते निवडलेले असतील, तर नेमक्या ऑर्डरीच सुटू शकतात.

येथे एक फरक कधीही विसरू नये. प्लगइन ‘निष्क्रिय’ करणे आणि ‘हटवणे’ या वेगळ्या क्रिया आहेत. निष्क्रिय केल्यावर माहिती तशीच राहते. हटवल्यावर मात्र पुष्कळ प्लगइन्स आपली विस्थापन-आज्ञा चालवतात आणि स्वतःचे तक्ते पुसून टाकतात. त्यामुळे शंका असलेले प्लगइन आधी निष्क्रिय करा, आठवडाभर साइट पाहा, त्याची माहिती निर्यात करून घ्या, डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी उतरवा, आणि त्यानंतरच हटवा. घातक कोड सापडलेल्या प्लगइनला एवढी सवलत देता येत नाही. तिथे डेटाबेसचा बॅकअप घेऊन लगेच हटवावे लागते, आणि मग सर्व प्रशासकांचे पासवर्ड बदलून अनोळखी खाती तपासावी लागतात.

परवाना आणि पैसे

एकदाच पैसे भरून आयुष्यभर वापरा, असे परवाने आता दुर्मीळ होत चालले आहेत. नव्या मालकाला दरवर्षी येणारे उत्पन्न हवे असते. जुन्या आजीवन परवान्यांचे काय होणार, हे प्रत्येक व्यवहारात वेगळे ठरते. एसीएफ डिलिशस ब्रेन्सकडे गेले तेव्हा आजीवन परवाने पाळण्याचे आश्वासन दिले गेले होते, पण सगळीकडे तसेच होईल असे गृहीत धरू नये. विक्रीची बातमी येताच खरेदीची पावती, परवाना-किल्ली आणि खरेदीच्या वेळच्या अटींचे पान पीडीएफ करून ठेवा, आणि सशुल्क आवृत्तीची झिप फाइल उतरवून घ्या. नव्या मालकाच्या साइटवर जुनी खाती हलवताना काही वेळा पुन्हा नोंदणी करावी लागते. परवाना साइट बनवून देणाऱ्याच्या ईमेलवर असेल आणि तो आता संपर्कात नसेल, तर तो सूचनेचा ईमेल तुमच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. तेव्हा परवाने संस्थेच्या ईमेलवर आणून घ्यावेत.

भारतातल्या वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. आवर्ती पेमेंटसाठीचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. विक्रेत्याच्या पेमेंट व्यवस्थेत ई-मँडेटची, म्हणजे दरवेळच्या वसुलीला बँकेमार्फत आधीच संमती देण्याची, सोय नसेल, तर आपल्या कार्डावरून दरवर्षी आपोआप होणारी वसुली अडते. परदेशी विक्रेत्याला फक्त ‘पेमेंट फसले’ एवढेच दिसते, परवाना संपतो आणि अपडेट थांबते. म्हणून आपोआप नूतनीकरणावर विसंबू नये. नोंदवहीतल्या तारखेच्या तीन आठवडे आधीची आठवण लावावी, आणि त्या दिवशी पैसे भरण्यापूर्वी हे प्लगइन अजून लागते का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. पुष्कळ प्लगइन्समध्ये परवाना संपल्यावर काम चालू राहते आणि फक्त अपडेट थांबते, पण काहींत सुविधाही बंद होतात. नक्की काय होते ते आधीच विचारून घ्या. किंमत वाढली म्हणून कोणीतरी दिलेली ‘नल्ड’, म्हणजे परवान्याची तपासणी काढून टाकलेली, प्रत बसवू नये. कोड जीपीएलखाली असला तरी त्या प्रतीत काय मिसळले आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि तिला अपडेटही मिळत नाही.

प्लगइन संग्रहातून बंद झाले तर

संग्रहातील पानावर ‘हे प्लगइन अमुक तारखेपासून बंद आहे आणि उतरवण्यासाठी उपलब्ध नाही’ अशी ओळ आली, तरी तुमच्या साइटवर ते पूर्वीसारखेच चालू राहते आणि वर्डप्रेस स्वतःहून तुम्हाला सावध करत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा नोंदवहीतल्या प्रत्येक प्लगइनचे पान उघडून पाहण्याला पर्याय नाही. कारण लिहिलेले असेल तर ते वाचा. लेखकाने स्वतः बंद केले असेल तर पर्याय शोधायला महिना-दोन महिने मिळतात. सुरक्षेच्या कारणाने बंद केले असेल तर त्याच दिवशी निष्क्रिय करावे. कधी कधी नियमभंग दुरुस्त करून प्लगइन आठवड्याभरात परत येते, हेही खरे.

पर्याय निवडताना यादीतले सर्वांत लोकप्रिय नाव उचलण्यापूर्वी वर्डप्रेसमध्येच ती सोय आली आहे का ते पाहा. पूर्वी प्लगइन लागणाऱ्या कित्येक गोष्टी आता ब्लॉक संपादकातच होतात. प्लगइन हवेच असेल, तर त्याची माहिती निर्यात करता येते का आणि त्यामागे एकाहून अधिक माणसे आहेत का, हे पाहून निवडा. नवे प्लगइन आधी साइटच्या चाचणी-प्रतीवर बसवा. बहुतेक होस्टिंग कंपन्या ‘स्टेजिंग’ या नावाने ती सोय देतात. मराठी साइटसाठी तिथे काही जादा गोष्टी तपासाव्या लागतात: देवनागरीतले शीर्षक आणि लेखाचा पत्ता नीट राहतो का, शोधात जोडाक्षरे असलेला शब्द सापडतो का, आणि निर्यात केलेली सीएसव्ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडल्यावर अक्षरे वाचता येतात का. अक्षरांऐवजी चिन्हे दिसली तर फाइल थेट न उघडता आयातीच्या आज्ञेने, यूटीएफ-८ ही अक्षरपद्धती निवडून उघडावी.

वर्डप्रेसच्या जगातल्या माणसांशी ओळख असणे इथे फार उपयोगी पडते. पुण्या-मुंबईत वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या बैठका होत आल्या आहेत, आणि २०२६ च्या वर्डकॅम्प एशिया या वर्डप्रेसच्या आशियाई संमेलनासाठी मुंबईची निवड झाली. कोणत्या प्लगइनची मदत मंदावली आहे, कोणाचा लेखक नोकरी बदलून गेला आहे, हे अशा ठिकाणी जाहीर बातमीच्या कितीतरी आधी कळते. ज्या मोफत प्लगइनवर तुमची साइट उभी आहे, त्याच्या लेखकाला नेमका प्रश्न, आवृत्तीचा क्रमांक आणि दिसलेल्या चूक-संदेशाचा शब्दशः मजकूर देऊन लिहा, आणि जमल्यास त्याचा मराठी अनुवाद पूर्ण करून द्या. अनुवादासाठी वर्डप्रेस डॉट ऑर्गचे खाते पुरते. तिथे सुचवलेली वाक्ये मराठीचे संपादक तपासतात आणि मंजुरीनंतर ती पुढच्या भाषा-अपडेटबरोबर सर्व मराठी साइट्सवर पोहोचतात.